रूळविरहित राईड

थीम पार्कमधील ज्या राईडची गाडी रूळ, साखळी किंवा खाच यांच्या आधाराशिवाय सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर, आखून दिलेल्या वाटेने फिरते तिला रूळविरहित किंवा ट्रॅकलेस राईड म्हणतात. गाडीत चालक नसतो, प्रवाशाच्या हाती सुकाणूही नसते. गाडी संगणकाच्या आज्ञेवर चालते. या राईडी बहुतेक ‘डार्क राईड’ प्रकारच्या असतात, म्हणजे बंद इमारतीत, नियंत्रित प्रकाशात, एकामागून एक दृश्यांमधून प्रवाशाला नेणाऱ्या. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये गाडीत बसून बंदुकीने निशाणे साधत अलीबाबाच्या गोष्टीतून जाणाऱ्यांना डार्क राईड हा प्रकार ओळखीचा आहे.

रूळ नसला की गाडी कुठेही जाऊ शकते, हा या राईडचा सर्वाधिक सांगितला जाणारा गुण. रचनाकाराला मात्र त्याहून मोलाची गोष्ट मिळते ती वेळेवरची हुकमत. गाडी दृश्यासमोर थांबू शकते, मागे येऊ शकते, सोबतच्या गाड्यांची वाट पाहू शकते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या गाड्या दुसऱ्या वाटेने पुढे सरकू शकतात.

पूर्वपीठिका

रुळावरच्या डार्क राईडचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे डिस्नेची ‘ऑम्निमूव्हर’ पद्धत. ती १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आली आणि १९६९ पासून तिथल्याच ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये प्रसिद्धीस पावली. एकमेकांना जोडलेल्या गाड्यांची अखंड माळ संथपणे सरकत राहते आणि प्रत्येक गाडी वळून प्रवाशाची नजर नेमक्या दृश्याकडे नेते. ताशी हजारो माणसे सामावणारी ही पद्धत आजही अनेक ठिकाणी चालू आहे. तिची एक अट मात्र कथेवर कायमचा ठसा उमटवते. माळ थांबत नाही आणि दर काही सेकंदांनी नवी गाडी समोर येते, त्यामुळे दृश्याला सुरुवात आणि शेवट ठेवता येत नाही. भूत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, बाहुली तोच हात पुन्हा पुन्हा हलवते. प्रसंग घडत नाही, तो आधीपासून चालू असतो आणि आपण त्याच्या बाजूने निघून जातो.

जमिनीखालच्या तारेच्या मागावर चालणारी गाडी आधी कारखान्यांत आली. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून गोदामांमध्ये माल वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्या अशा तारेतून मिळणाऱ्या विद्युत संकेतावर चालत होत्या. हेच तंत्र १ ऑक्टोबर १९८२ रोजी फ्लोरिडातील एप्कॉट या डिस्नेच्या उद्यानात उघडलेल्या ‘युनिव्हर्स ऑफ एनर्जी’ने वापरले. प्रेक्षक नेहमीच्या चित्रपटगृहात बसल्यासारखे बसत. मग ते अख्खे प्रेक्षागृह सहा तुकड्यांत सुटे होऊन, प्रत्येकी सुमारे शंभर माणसांसह, डायनोसॉरच्या जंगलात शिरत असे. मराठी प्रेक्षकाला फिरता रंगमंच ठाऊक आहे. तिथे दृश्य फिरते आणि प्रेक्षक जागेवर राहतो. इथे प्रेक्षागृहच उठून दृश्याकडे निघाले होते. १९८९ मध्ये शेजारच्या डिस्ने-एमजीएम स्टुडिओजमध्ये आलेली ‘द ग्रेट मूव्ही राईड’ही रुळांवाचून चाले. दोन्ही राईडी १३ ऑगस्ट २०१७ या एकाच दिवशी बंद झाल्या.

या दोन्हींतल्या गाड्या अवजड होत्या आणि त्यांची वाट तारेने बांधलेली होती. दिसायला रूळ नव्हता, वागणे मात्र रुळासारखेच. खरा बदल ४ सप्टेंबर २००० रोजी टोकियो डिस्नेलँडमध्ये उघडलेल्या ‘पूज हनी हंट’ने घडवला. मधाच्या बरण्यांच्या आकाराच्या तिच्या छोट्या गाड्या एकाच दालनात वेगवेगळ्या वाटांनी शिरतात, एकमेकींना वळसे घालतात, थबकतात, पुन्हा निघतात. टिगर या उड्या मारणाऱ्या वाघाच्या प्रसंगात तर खालची जमीनच गाडीला उसळ्या देते. पुढच्याच वर्षी टोकियो डिस्नेसीमध्ये आलेल्या ‘ॲक्वाटोपिया’ने हा खेळ उथळ पाण्याच्या तळ्यावर नेला.

गाडी वाट कशी ओळखते

गाडीच्या पोटात बॅटरी असते आणि चाकांना स्वतंत्र मोटारी. चाके हवी तशी वळू शकत असल्यामुळे गाडी जागच्या जागी गिरकी घेऊ शकते, काही रचनांमध्ये तोंड न वळवता आडवीही सरकू शकते. चाक किती फिरले यावरून गाडी आपली जागा मोजत राहते. पण चाक किंचित घसरते, टायर झिजतो आणि प्रत्येक फेरीत थोडी चूक साठत जाते. म्हणून जमिनीत ठरावीक अंतरावर चुंबक किंवा रेडिओ-टॅग पुरलेले असतात. त्यांवरून जाताना गाडी आपला हिशेब दुरुस्त करून घेते. मध्यवर्ती संगणक बिनतारी संपर्कातून प्रत्येक गाडीची जागा जाणतो आणि दोन गाड्या एकाच जागेवर एकाच क्षणी येणार नाहीत याची खात्री करतो. संपर्क तुटला तर गाडीने थांबायचे, हा मूळ नियम.

रूळ नाहीसा झाला की त्याचे काम जमिनीकडे येते. दालनाची संपूर्ण फरशी अत्यंत सपाट, टणक आणि स्वच्छ लागते. रुळाची राईड बांधताना दोन पट्ट्या अचूक बसवल्या की भागते. इथे सगळी जमीनच यंत्राचा भाग होते. आणखी एक बारीक अडचण अशी की हजारो फेऱ्यांनंतर टायरचे काळे पट्टे फरशीवर उमटतात आणि लपवलेली वाट सांगून टाकतात. म्हणून फरशी गडद ठेवणे आणि प्रकाश जमिनीपासून वर रोखणे हे प्रकाशयोजनेचे रोजचे पथ्य होऊन बसते.

थांबता येण्याचे मोल

या माध्यमातील सर्वांत समंजस कृती म्हणून हाँगकाँग डिस्नेलँडमधील ‘मिस्टिक मॅनर’चे नाव घ्यावे लागेल. ती १७ मे २०१३ रोजी सुरू झाली. लॉर्ड हेन्री मिस्टिक या संग्राहकाच्या वाड्यात बाली बेटावरून आलेली एक मंतरलेली संगीतपेटी आहे आणि त्याचे अल्बर्ट नावाचे माकड ती उघडते. पेटीतून उडालेली चमकती धूळ ज्या वस्तूला लागते ती जिवंत होते. इथे भुते नाहीत. डिस्नेच्या इतर उद्यानांतील भुताच्या वाड्याची जागा हाँगकाँगमध्ये या नव्या कथेने घेतली.

पहिल्याच दालनात सगळ्या गाड्या पेटीसमोर एकत्र थांबतात. अल्बर्ट येतो, कुतूहलाने झाकण उचलतो, धूळ उडते, आणि मगच गाड्या हलतात. हा प्रसंग प्रत्येक गटासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडतो. कारण आणि परिणाम यांची ही साखळी ऑम्निमूव्हरवर मांडताच आली नसती: एका गाडीला उघडी पेटी दिसली असती, दुसरीला बंद. पुढच्या प्रत्येक दालनात डॅनी एल्फमन यांनी रचलेली तीच धून वेगळ्या वाद्यांवर आणि वेगळ्या रंगात ऐकू येते. दालनाचे घड्याळ गाड्यांच्या येण्यावर लावलेले असल्यामुळे सूर आणि दृश्य जुळून येतात. शेवटी चिनी दालनातला वानरराज वादळ उठवतो आणि वाड्याच्या चिंधड्या होऊ लागतात. तिथवर धून नकळत ओळखीची झालेली असते, म्हणून तो कळस अंगावर येतो. गाडीच्या हालचालींचे प्रदर्शन कुठेही नाही. ती थांबते तेव्हा बघायला, वळते तेव्हा घाबरून.

याउलट पॅरिसजवळच्या उद्यानात २०१४ मध्ये आणि एप्कॉटमध्ये २०२१ मध्ये उघडलेली रेमी या उंदराची राईड. उंदराएवढे होऊन स्वयंपाकघरात धावण्याची तिची कल्पना मोहक आहे, पण वेळ बराचसा प्रचंड पडद्यांसमोर जातो. गाड्या एका पडद्याकडून दुसऱ्याकडे धावतात, आणि पडद्यासमोर उभ्या असताना रूळ नसल्याचा फारसा उपयोग उरत नाही. माध्यमाची ताकद इथे वाहतुकीपुरती खर्च झाली आहे.

शेजारची गाडी

रुळावरच्या राईडमध्ये इतर प्रवासी हा लपवण्याचा विषय असतो. ऑम्निमूव्हरच्या गाडीची उंच पाठ त्यासाठीच असते. रूळविरहित राईडमध्ये समोरून दुसरी गाडी येते, तिच्यातील चेहरे दिसतात, आणि त्यांनाच दृश्यात सामील करून घेण्याची सोय होते. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग उद्यानातील ‘सिम्बोलिका’ १ जुलै २०१७ रोजी सुरू झाली. तिच्या शेवटाकडे राजवाड्याच्या नृत्यदालनात गाड्या एकमेकींभोवती वॉल्ट्झच्या तालावर फिरतात. तिथे नाचणारे कोण, असे विचारले तर उत्तर प्रवासी हेच येते. टोकियोतील २०२० ची ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ राईड हाच विचार पुढे नेते: मोठ्या कपांच्या आकाराच्या गाड्या गाण्याच्या लयीत डोलत डोलत दालनभर फिरतात. कॅलिफोर्नियातील ‘लुइजीज रोलिकिन रोडस्टर्स’मध्ये तर कथाच नाही. उघड्यावर, दिवसाढवळ्या, इटालियन गाण्यांवर गाड्या नाचतात, एवढेच. तरी ती आनंद देते, कारण नाच हेच तिचे प्रयोजन आहे. कथा असलेल्या राईडमध्ये मात्र कारण नसताना गिरक्या घेणारी गाडी लवकरच कंटाळवाणी होते.

अनपेक्षिताची सोय

रूळ दिसला की डोळा पुढचे वळण आधीच ओळखतो. रूळ नसला की दार कोणते, हे कळत नाही. या अज्ञानाचा सुरेख वापर ‘मिकी अँड मिनीज रनअवे रेल्वे’ने केला आहे. २०२० मध्ये फ्लोरिडात, ‘द ग्रेट मूव्ही राईड’च्याच इमारतीत, ती आली. प्रवासी आगगाडीत बसतात, पुढे गूफी इंजिन चालवतो, आणि ही साधी गाडी आहे असा समज पक्का होतो. मग बोगद्यात डबे इंजिनापासून सुटतात आणि प्रत्येक डबा आपापल्या दिशेने भरकटतो. ज्या तंत्रात रूळ नाही त्याने आधी रुळाची आठवण करून द्यायची आणि मग ती मोडायची, ही युक्ती फार विचारपूर्वक योजलेली आहे.

‘स्टार वॉर्स : राइझ ऑफ द रेझिस्टन्स’ (फ्लोरिडा, डिसेंबर २०१९, कॅलिफोर्निया, जानेवारी २०२०) या राईडमध्ये आठ जणांची गाडी कोठडीतून पळ काढते, दोन महाकाय चालत्या रणयंत्रांच्या पायांमधून जाते, उद्वाहकाने वर चढते आणि शेवटी एका यंत्राला जखडली जाऊन खाली कोसळते. बॅटरीवर सपाट जमिनीवर फिरणारी गाडी स्वतः तीव्र उतार किंवा मोठा वेग झेपवू शकत नाही. तो थरार दुसऱ्या यंत्राकडून घ्यायचा, गाडीने फक्त त्याच्यापर्यंत पोहोचायचे, हा मार्ग या राईडने दाखवला. किंमतही मोठी: जोडलेली यंत्रे जितकी जास्त, तितक्या राईड थांबण्याच्या जागा जास्त.

माणसांचा हिशेब

थांबण्याची चैन फुकट मिळत नाही. समजा, सहा आसनांच्या चार गाड्यांचा गट दर मिनिटाला सुटतो. तासाला ६० गट, म्हणजे १,४४० माणसे. गट दर ४५ सेकंदांनी सोडला तर ८० गट, १,९२० माणसे. पण मग कोणत्याही एका दालनात ४५ सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, कारण मागचा गट दाराशी आलेला असतो. लेखकाला दीड मिनिटाचा प्रसंग हवा असेल तर तेच दालन दोनदा बांधावे लागते आणि गट आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवावे लागतात. म्हणजे संवादाची लांबी थेट इमारतीच्या क्षेत्रफळात आणि खर्चात मोजली जाते. असे बंधन कथाकाराला अन्य कुठल्या माध्यमात क्वचितच पडत असेल, आणि चांगल्या राईडी ते पाळूनही ऐसपैस वाटतात.

एखादी गाडी बिघडली तर संगणक इतरांना तिला वळसा घालायला लावू शकतो का, हे दालन किती रुंद ठेवले यावर अवलंबून असते. अरुंद दारात अडकलेली गाडी रुळावरच्या गाडीइतकीच सर्वांना थांबवते. प्रवाशांनी चढण्या-उतरण्याची जागा मात्र मुख्य वाटेपासून बाजूला काढता येते. ज्याला गाडीत बसायला वेळ लागतो त्याच्यासाठी बाकीची रांग थांबवावी लागत नाही. रेमीच्या एप्कॉटमधील राईडमध्ये व्हीलचेअरवरून न उतरता बसता येण्याची सोय आहे. या लाभाबद्दल फार कमी बोलले जाते.

निवड आणि क्रम

प्रत्येक फेरी वेगळी असावी, ही या माध्यमाची सर्वांत जुनी आशा. २०१३ मध्ये ओरलँडोच्या सीवर्ल्डमधील ‘अंटार्क्टिका’ राईडने प्रवाशाला सौम्य किंवा जोरदार असा पर्याय दिला; तिथे बदलली ती हालचालीची तीव्रता, कथा तीच राहिली. राईडच्या अखेरीस लागणारे खऱ्या पेंग्विनांचे थंडगार दालन लोकांना जास्त लक्षात राहिले. सिम्बोलिकात रांगेतच वीर, संगीत आणि खजिना यांपैकी एक सफर निवडावी लागते. मुख्य दालने सर्वांना समान आहेत आणि मधला एक टप्पा तेवढा वेगळा. हा तोडगा व्यवहारी आहे. तीन वेगळ्या दालनांवर खर्च केला तरी प्रत्येक प्रवाशाला त्यांतले एकच दिसते, म्हणून फाटे जितके आखूड तितका खर्च सावरतो. परत येणाऱ्याला नवे काही मिळते आणि एकदाच येणाऱ्याला काही हुकल्याची चुटपुट लागत नाही.

बेल्जियममधील वालिबी उद्यानातील ‘पॉपकॉर्न रिव्हेंज’ (२०१९) याहून धाडसी आहे. चित्रपटगृहांच्या दालनांत निशाणेबाजी करायची, आणि दालनांचा क्रम ठरलेला नाही. जे मोकळे असेल तिकडे गाडी जाते. त्यामुळे थांबून राहण्याचा प्रश्नही हलका होतो. खेळाला हे चालते, कारण गुण कोणत्याही क्रमाने मिळवता येतात. कथेला चालण्यासाठी प्रत्येक दालन आरंभ, मध्य आणि अंत या तिन्ही जागी अर्थपूर्ण ठरेल असे लिहावे लागेल. गाडीला ते आज जमते. तसे लिहिलेले कथानक घेऊन निघालेली मोठी राईड अजून व्हायची आहे.