मोटारसायकलस्वाराचे इअरप्लग

मोटारसायकल वेगात असताना हेल्मेटमध्ये घोंघावणाऱ्या वाऱ्यापासून श्रवणशक्ती जपण्यासाठी कानाच्या नळीत बसवायचे बोळे. ताशी ६०-६५ कि.मी.च्या पुढे इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा होतो. तो मुख्यतः हेल्मेटच्या खालून, मानेजवळून आत येतो. मोटारसायकलला पुढे काच लावलेली असेल आणि तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा हेल्मेटवर आपटत असेल, तर आवाज आणखी वाढतो. महागडे फुलफेस हेल्मेटही हा खालच्या पट्टीतला आवाज फारसा अडवत नाही.

ताशी १०० कि.मी.ला कानाशी साधारण ९५ ते १०० डेसिबल भरतात. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला १ तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. साताऱ्याहून कराड, पेठनाका करत सांगली गाठायला सव्वाशे कि.मी. पडतात. त्यातल्या राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या टप्प्यातच ही मर्यादा सहज ओलांडली जाते. उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे ही त्याचीच खूण. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या किंवा सांगली-मिरज रस्त्यावरच्या संथ गर्दीत मात्र प्लगची गरज नसते.

पाकिटावरचा एनआरआर आकडा, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज कमी करतो ते, प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षातला अंदाज हवा असेल तर त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे करतात. ३३ चा प्लग असा १३ डेसिबलवर येतो. म्हणून आकड्यापेक्षा प्लग कसा बसतो ते पाहावे. अर्धवट बसलेल्या फोममध्ये आधी खालच्या पट्टीतलाच आवाज गळतो. शेजाऱ्याचे बोलणे दबते आणि वारा तसाच राहतो.

फोमचा प्लग स्वस्त आणि बहुतेकांना पुरेसा. स्वच्छ, कोरड्या बोटांनी तो सुरकुती न पडता बारीक वळावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वरून धरून वर-मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरावा. मग दोन्ही कानांवर तळवे झाकून पाहावे. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. साखळीच्या ग्रीसने माखलेल्या हातांनी हे करू नये. हेल्मेट चढवताना अस्तर कान ओढते आणि प्लग सुटतो, त्यामुळे हेल्मेटच्या दोन्ही बाजू फाकवून ते घालावे. प्लगचे टोक बाहेर राहिले तर अस्तर त्यावर दाबते आणि अर्ध्या तासात कान ठणकू लागतो; अशा वेळी आखूड किंवा लहान मापाचा प्लग घ्यावा. दोन कानांना वेगळी मापे लागणेही नवल नाही. दोरीवाला प्लग हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो.

फिल्टर असलेले सिलिकॉनचे प्लग पुन्हा पुन्हा वापरता येतात आणि त्यांतून बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते, पण वाऱ्याला ते बहुधा फोमइतके रोखत नाहीत. रोज महामार्गावर असणाऱ्याने कानाच्या साच्यावरून बनवून घेतलेले प्लग घ्यावेत. कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी.

प्लग घातल्यावर हॉर्न ऐकू येत नाही ही भीती मोठी आहे. पण प्लग फक्त हॉर्नच नव्हे, वाराही दाबतो. उलट वाऱ्याच्या माऱ्याने कान सुन्न झालेले नसल्याने हॉर्न ओळखणे सोपे जाते. गळीत हंगामात रात्री पुढे उभ्या, मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीपासून वाचायला तसेही कान नव्हे, डोळेच लागतात.

वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात चढ-उताराने हवेचा दाब बदलतो. गच्च बसलेल्या सिलिकॉनमागे दडा बसल्यासारखे वाटल्यास बाजूला थांबून प्लग सैल करावा. काढताना तो पिळत, हळू काढावा. झटक्याने ओढल्यास पडद्यावर ताण येतो. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घालू नये. रोजच्या वापराने मळ आत ढकलला जाऊन घट्ट होतो, तोही तपासून घ्यावा. सिलिकॉन सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे. फोम मळला, कडक झाला किंवा नीट फुगेनासा झाला की टाकून द्यावा.