मेस्तांची शाळा आणि घरातला स्टुडिओ : गोव्याच्या ध्वनिमुद्रणाची पार्श्वभूमी

गोव्यात गाण्याची तबकडी किंवा कॅसेट काढणारा संगीतकार बहुधा आधी कोणाचा तरी शिक्षक असतो, आणि या गोष्टीचे मूळ ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापेक्षा कितीतरी जुने आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या पॅरिश (धर्मग्रामाच्या) शाळांमधून मुलांना सोलफेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाण्याची विद्या, आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला लोक ‘मेस्त’ म्हणत. चर्चचा कॉयर, म्हणजे गायकवृंद, बसवणे, नव्या मुलांचा कान तयार करणे आणि सणाच्या दिवशी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावणे ही सारी कामे त्याचीच असत. पुढे स्टुडिओत निर्मात्याला जे करावे लागले, ते याहून फारसे वेगळे नव्हते.

या शाळांतून निघालेले वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले, कारण नोटेशन पाहून वाजवणारी माणसे तेथे हवीच होती. माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चमध्ये संगीत शिकवीत. मुलाने मुंबईत व्हायोलिन शिकवले ते राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर गाजले, परंतु ते नाव एका खऱ्या गुरूचे आहे हे पुष्कळांना कळलेच नाही.

कोकणी गाण्याच्या बाबतीत गुरू आणि निर्माता या दोन्ही भूमिका एकाच माणसात सर्वांत ठळकपणे दिसल्या त्या ख्रिस पेरी यांच्यात. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेले पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवीत, मुंबईच्या हॉटेलांतून बँड चालवीत आणि स्वतःच गाणी रचत. जॅझची चाल आणि तियात्रातल्या (कोकणी संगीतनाट्यातल्या) कांताराची, म्हणजे गाण्याची, बोली त्यांनी अशी जुळवली की मुंबईत चर्चगेटच्या नाइटक्लबातला ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा नाद, गोव्यातल्या गावच्या लग्नातही परका वाटला नाही. तरुण लोर्ना कोर्देरो यांचा आवाज त्यांनी हेरला आणि कसून तालीम घेऊन घडवला. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘नाचूंया कुंपासार’ ही गाणी त्या तालमीची फळे होत. पेरींची गाणी केवळ चालीसाठी ऐकू नयेत. ट्रम्पेटने कोठे थांबायचे आणि गायिकेने श्वास कोठे घ्यायचा, हे सारे आधीच ठरलेले असे, आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व याच मांडणीत आहे. १९७७ साली त्यांनी ‘भुंयारांतलो मनीस’ हा पहिला रंगीत कोकणी चित्रपटही काढला. मात्र शिष्येची सारी वाट एकाच गुरूच्या हाती असण्यात जो धोका असतो, तोही याच प्रकरणात दिसतो : पेरींपासून दुरावल्यावर लोर्ना दोन दशकांहून अधिक काळ गायल्याच नाहीत.

आम्हा मराठी बोलणाऱ्या गोमंतकीयांच्या घरांत याच काळात दुसरा एक प्रवाह वाहत होता. मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांच्या चाली बांधल्या, आणि पुढे लोणावळ्याच्या घरी शिष्य सांभाळले. ‘मत्स्यगंधा’तल्या त्यांच्या चाली गाणारे रामदास कामतही गोव्याचेच. धर्म, भाषा आणि वाद्ये वेगळी असली, तरी शिकवता शिकवता चाल बांधण्याची रीत तीच होती.

१९८०च्या दशकात ही रीत घरात आली. शिवोलीचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांना मुंबईच्या कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या, कॅसेट यंत्रावर १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा गीतसंग्रह घरीच मुद्रित केला. अशा यंत्रावर तीन ट्रॅक भरले की ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचे वाद्य भरायचे, असे काम चाले. प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढत जाई आणि एकदा मिसळलेले पुन्हा सुटे करता येत नसे, म्हणून कोणते वाद्य आधी भरायचे हा निर्णय फार विचारपूर्वक घ्यावा लागे. वाद्ये आणि आवाज त्यांचेच, वेष्टनाचे चित्रही त्यांचेच. कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या त्याही त्यांनीच. घरात बसून कॅसेट काढता येते आणि ती विकलीही जाते, हे गोव्याच्या तरुण वादकांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यासाठी कोणाला वेगळा वर्ग घ्यावा लागला नाही.

लोर्ना १९९५ साली ‘हॅलो लोर्ना’ घेऊन परतल्या, त्यामागे संगीतकार रॉनी मोन्सेरात होते. २०१४ च्या ‘नाचूंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटासाठी पेरींच्या काळातली जुनी गाणी नव्याने मुद्रित झाली, तेव्हाही संगीताची बाजू मोन्सेरात यांनीच सांभाळली. नायिका पालोमी घोष बंगाली; कोकणी शिकून त्यांनी ती गाणी स्वतः गायली.