गच्चीच्या गळतीवर उपाय निवडण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी परिसरातील घरमालकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात स्लॅब आठवडेच्या आठवडे वाळत नाही, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, अथणीकडे, वर्षभरात जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्याच्या दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्यामुळे पाहुण्यांच्या घरी टिकलेला उपाय आपल्याही घरी टिकेलच असे नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सुरुवातीलाच ‘कोणते केमिकल चांगले?’ असे विचारतात. आमच्या मते त्याआधी उतार, भेगा आणि स्लॅबची भार पेलण्याची क्षमता पाहिली पाहिजे.

पाणी गच्चीवर थांबत असेल, तर कोणताही लेप फार काळ साथ देत नाही. 100 सेंटिमीटरला किमान 1 सेंटिमीटर उतार हवा, म्हणजे 10 मीटर लांबीच्या गच्चीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 10 सेंटिमीटरचा फरक पडतो. पाणी वाहून नेणारे पाइपही पुरेसे हवेत: तासाला 100 मिलिमीटर इतका जोराचा पाऊस गृहीत धरला, तर 100 मिलिमीटर व्यासाचा एक पाइप साधारण 40 चौरस मीटर गच्चीला पुरतो. अनेक घरांत खरा दोष एवढाच असतो की मोठ्या गच्चीला एकच पाइप आहे आणि त्याच्या तोंडाशी पालापाचोळा साचला आहे. अशा ठिकाणी आम्ही आधी पाइप वाढवून घेण्याचाच सल्ला देतो, मग त्यात आमचे काम कमी झाले तरी चालेल.

भेगांचे कारण बहुधा तापमानात असते. तापमानात 30 अंशांचा फरक पडला, तर 10 मीटर लांबीचे काँक्रीट सुमारे 3 मिलिमीटर लांबते किंवा आखडते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला की हा फरक काही मिनिटांत पडू लागतो. म्हणूनच नुसत्या सिमेंटचा ताठर थर पुढच्या वर्षी त्याच रेषेत पुन्हा फुटतो. हलणाऱ्या भेगेवर ताणला जाणारा थरच हवा आणि त्याखाली भेग खोदून लवचीक पदार्थाने भरलेली हवी.

आपल्या भागात सर्वांत जास्त विश्वास विटांच्या कोब्यावर आहे, आणि तो अनाठायी नाही. चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे पाण्यात भिजवून सिमेंटच्या मालात उभे बसवले, पॅरापेटच्या सांध्यात गोलाई दिली आणि वर चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) घातले, तर उतार, उन्हापासून संरक्षण आणि वावरण्याजोगा पृष्ठभाग या तिन्ही गोष्टी एकाच कामात मिळतात. त्यावर पापड वाळवा, मिरच्या पसरा, काही बिघडत नाही. अडचण वजनाची आहे. सरासरी 10 सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे साडेअठरा टन. वापरातील सपाट गच्चीवर माणसे आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे गळणाऱ्या जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवणे किती धोक्याचे आहे ते कळेल. तसे काम आम्ही करत नाही. जुना कोबा आत पाणी धरून बसला असेल तर तो काढावा लागतो, आणि नवा घालण्यापूर्वी अभियंत्याकडून स्लॅब तपासून घ्यावा.

वजन परवडत नसेल तेव्हा लेपांचा विचार करावा. पावडर आणि द्रव मिसळून लावला जाणारा ॲक्रिलिक-सिमेंटचा लेप किंचित दमट स्लॅबवरही चालतो, परंतु त्यावर फरशीचे किंवा मालाचे आच्छादन असावे. पॉलियुरेथेन (रबरासारखा लवचीक लेप) जास्त ताणते आणि महागही पडते. ते मात्र कोरड्या स्लॅबवरच लावावे, नाहीतर आतली वाफ फोड आणते. कोरडेपणा पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याखाली दव दिसले तर थांबावे. गॅसच्या ज्योतीने चिकटवायची 3-4 मिलिमीटर जाडीची डांबरी शीट मोठ्या, मोकळ्या गच्चीवर उत्तम बसते, पण टाकीचे चौथरे आणि सोलरचे पाय दाटीने असतील तर प्रत्येक पायाभोवती एक कच्चा सांधा तयार होतो. पांढरा रंग घरातील उष्णता कमी करतो, म्हणून अथणीकडे तो जरूर लावावा, पण साठलेले पाणी तो अडवत नाही.

खानापूरच्या पश्चिमेकडील गावांत गच्ची वापरात नसेल, तर उतरत्या पत्र्याचे छप्पर हाच उपाय आम्ही आधी सुचवतो, जरी ते काम आमचे नसले तरी. त्यासाठी स्थानिक परवानगी विचारून घ्यावी.

काम फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान करणे सोयीचे. मृग तोंडावर आल्यावर घाईने केलेल्या कामात थर सुकायला वेळ मिळत नाही. काम पूर्ण झाल्यावर पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर 72 तास पाणी साठवून ठेवले जाते. त्यानंतर खालच्या खोल्यांचे छत आपण स्वतः पाहावे. ते पाहून होईपर्यंत आम्ही शेवटचा हप्ता मागत नाही.