गोठलेल्या धरणावर गळ

जानेवारीत स्ट्रॉबेरी जलाशयावर पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रश्न एकच होता: भोक पाडायचं कुठे? समोर नुसतं पांढरं माळरान. जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं, तेही कळेना. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सुमारे २,३०० मीटर उंचीवरचं हे धरण ट्राउट माशांसाठी नावाजलेलं आहे. हिवाळ्यात लोक बर्फाला ताटलीएवढं भोक पाडतात, त्यातून गळ सोडतात आणि स्टूल टाकून तासन्‌तास बसून राहतात.

आम्ही बसलो ते खोल जागी. चुकलं. पण चुकीमागे शाळेतलं शास्त्र होतं. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि तिथेच गोठतं. म्हणजे बर्फाला चिकटलेलं पाणी शून्य अंशाजवळ आणि तळाचं ४ अंशांच्या आसपास. मासा उबेला तळाशी जाईल, असा आमचा हिशेब. दोन तासांत गळ हललासुद्धा नाही.

हिशेबात प्राणवायू धरायचा राहिला होता. गार पाण्यात तो भरपूर विरघळतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम. या उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे ११ च्या आसपास. पण एकदा बर्फाचं झाकण बसलं की वरून नवी हवा मिळत नाही. त्यावर हिम साचलं की खाली अंधार होतो आणि शेवाळ प्राणवायू बनवणं जवळपास थांबवतं. तळाच्या गाळातले जिवाणू मात्र कुजकं पचवत राहतात आणि उरलासुरला प्राणवायू संपवतात. हिवाळा सरत जातो तसा खोल तळ कोंदट होतो. ट्राउटला तर चांगला श्वास लागतो. तो अशा उबेपेक्षा वरचं गार, मोकळं पाणी पसंत करतो. शिवाय त्याचं जेवण, म्हणजे झिंग्यांचे चिमुकले भाऊबंद आणि चिखलातल्या अळ्या, उथळ पाणवनस्पतींच्या आसपासच जास्त. खोल पाणी सोडून आम्ही तीन-चार मीटर खोलीच्या उताराकडे सरकलो.

उतार सापडला तो जुन्या नकाशामुळे. धरण म्हणजे बुडालेलं खोरं. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ डोकं वर काढतं, तसंच काहीसं. इथे पाण्याखाली ओढ्यांची पात्रं आहेत, टेकड्यांच्या सोंडा आहेत. १९७० च्या दशकात खालच्या अंगाला सोल्जर क्रीक धरण झालं आणि जलाशय पसरला. जुनं धरण पुढे फोडून टाकलं. सोंड जिथे जुन्या पात्राकडे उतरते, त्या कडेने मासे ये-जा करतात. उथळावर जेवण, दोन पावलांवर खोल पाणी.

पण ओढा जिथे जलाशयाला मिळतो तिथे फिरकू नये. वाहतं पाणी बर्फ खालून झिजवतं. धरणातून पाणी सोडलं की पातळी उतरते. मधला बर्फ खाली जातो, काठचा जमिनीला टेकतो आणि दोन्हींच्या सांध्यात चिरा पडतात. नैसर्गिक तळ्यावर ही भानगड बरीच कमी. म्हणून अनोळखी धरणावर चालताना हातात पहार हवी. दर काही पावलांवर ठोकायचं, मध्येच भोक पाडून जाडी मोजायची. स्वच्छ, काचेसारखा १० सेंटिमीटर बर्फ एका माणसाला पेलतो, असा ढोबळ नियम आहे. दुधी बर्फाची ताकद निम्मीच धरतात.

दुधी बर्फ येतो कुठून? बर्फाची घनता पाण्याच्या ९२ टक्के. ३० सेंटिमीटर जाडीचा बर्फ तरंगताना जेमतेम अडीच सेंटिमीटर वर राहतो. भोक पाडलं की पाणी तेवढं अंतर सोडून थांबतं, पट्टी लावून पाहा. आता त्यावर फूटभर ताजं हिम पडलं तर चौरस मीटरला पंचवीस-तीस किलो वजन होतं आणि बर्फ पाण्याच्या पातळीखाली दाबला जातो. चिरांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि रबडी होते. वरून कोरडं दिसतं, पाय घातला की बूट ओला. हीच रबडी गोठली की दुधी बर्फ.

हिम गोधडीचंही काम करतं. बर्फ खालच्या बाजूने वाढतो, म्हणजे पाण्याची उष्णता आधीच्या बर्फातून वर निघावी लागते. जाडी जितकी जास्त, तितका वेळ जास्त. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८९१ मध्ये हे गणितात मांडलं: दुप्पट जाडीसाठी चौपट थंडी हवी, म्हणजे तेवढ्याच गारठ्याचे चौपट दिवस. वर गोधडी असेल तर त्याहूनही जास्त.

दुपारी बर्फ ओरडला. ‘प्यूऽऽ’, सिनेमातल्या अंतराळयुद्धासारखा. ऊन-थंडीने बर्फ प्रसरण-आकुंचन पावतो आणि चिरतो. त्या कंपनांतले उंच सूर बर्फातून जास्त वेगाने येतात, जाडे मागून. म्हणून आवाज घसरत गेल्यासारखा वाटतो. घाबरायचं कारण नाही, असं शेजारच्या भोकावरचे आजोबा म्हणाले. मी तरी घाबरलोच.

मग रॉडचं टोक किंचित वाकलं. झटका नाहीच. थंड रक्ताच्या जीवाचा चयापचय तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण निम्मा होतो, त्यामुळे हिवाळी ट्राउट आमिष सावकाश तोंडात धरतो. वर आला तो कटथ्रोट जातीचा ट्राउट, जबड्याखाली शेंदरी रेघ असलेला. पट्टीवर १७ इंच. इथे १५ ते २२ इंचांचा कटथ्रोट परत सोडावाच लागतो, कारण १९९० मध्ये जलाशयात रोटेनॉन हे विष सोडून नकोसे चब मासे मारले आणि ते पुन्हा माजू नयेत म्हणून चब खाणारे हे कटथ्रोट आणले. मोठे झालेलेच ते काम करतात. अशा थंडीत कल्ले क्षणात गोठतात, म्हणून हातमोजा काढून, ओल्या हाताने, घाईने त्याला भोकात उतरवलं. शेपटीचं पाणी बाहीवर उडालं आणि लगेच कडक झालं.