शोधनिकालांची संख्या

शोधनिकालांची संख्या : इंटरनेटवरील शोधयंत्राला (सर्च इंजिनला) एखादा शब्द दिला असता त्याच्याशी जुळणारी किती पाने आहेत, याचा जो आकडा यंत्र दाखवते तो. एखादे गाव, देवस्थान, व्यक्ती किंवा खाद्यपदार्थ किती प्रसिद्ध आहे हे सांगताना ‘गूगलवर इतके लाख निकाल येतात’ असा दाखला सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात हा आकडा अंदाजाने काढलेला असतो, आणि जो अंदाज असतो तोही पानांवरील अक्षरांचा. ती वस्तू किती माणसांना ठाऊक आहे, हे त्यातून थेट कळत नाही.

शोधयंत्राची सूची असंख्य संगणकांवर विभागून ठेवलेली असते. वाचकाला पहिले दहा-वीस निकाल लगेच हवे असतात, त्यामुळे जुळणारे प्रत्येक पान मोजत बसणे यंत्राला परवडत नाही. सूचीचा काही भाग तपासून उरलेल्या भागाचा हिशेब त्यावरून मांडला जातो. म्हणूनच गूगलच्या आकड्यापूर्वी ‘सुमारे’ हा शब्द असतो, एकच शब्द सकाळी आणि संध्याकाळी शोधल्यास आकडे जुळत नाहीत, आणि लाखो निकाल सांगणारे यंत्र शेवटच्या पानापर्यंत गेल्यावर काहीशेच निकाल पुढे करते. फ्रेंच भाषावैज्ञानिक झां व्हेरोनिस यांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिले होते, की ‘हा किंवा तो शब्द’ अशा शोधाचा आकडा कधीकधी त्यांतल्या एकट्या शब्दाच्या आकड्यापेक्षाही कमी येतो. साध्या अंकगणितात हे बसत नाही.

अंदाज अचूक असता तरी अडचण संपली नसती, कारण यंत्र अक्षरे जुळवते आणि अक्षरांना अनेक अर्थ असतात. खानदेशातील गावांची नावे घेतली तर हे चटकन लक्षात येते. चोपडा हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे, पण ते आडनावही आहे, आणि गुजराती व्यापारी दिवाळीत ज्या हिशेबाच्या वह्या पुजतात त्यांनाही चोपडा म्हणतात. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या पालचा शोध भिंतीवरची पाल, भटक्यांचे पाल, बंगाली आडनाव आणि साताऱ्याकडील खंडोबाचे पाल या सगळ्यांना गोळा करून आणतो. हिंदीत ‘ळ’ लिहिण्याचा प्रघात नसल्याने धुळे तेथे ‘धुले’ होते, आणि ‘धुले’ म्हणजे धुतलेले. कपड्यांच्या आणि भांड्यांच्या पानांवर हा जिल्हा उगाचच प्रसिद्ध होऊन बसतो.

उलट दिशेची चूकही तितकीच मोठी आहे. अमळनेर हे नाव अंमळनेर असेही लिहितात, खानदेशचे खान्देशही होते, आणि शेवभाजी रोमन लिपीत कोणी ‘एस’ने तर कोणी ‘एसएच’ने टंकित करतो. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडूनच लिहिली जातात, त्यामुळे ‘एरंडोलला’, ‘एरंडोलच्या’, ‘एरंडोलपासून’ ही रूपे ‘एरंडोल’च्या शोधात येतीलच असे नाही. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटांत जुळवलेला किंवा नुसती छायाचित्रे म्हणून चढवलेला जुना मजकूर तर यंत्राला बहुधा वाचताच येत नाही. एका अंगाने फुगलेला आणि दुसऱ्या अंगाने आक्रसलेला असा हा आकडा असतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना भरून काढतील अशी आशा धरायला काहीही आधार नाही.

बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये निधन पावलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या आणि गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. तेव्हापासून परीक्षांची वेळापत्रके, निकाल, प्रवेशाच्या सूचना, निविदा आणि पदभरतीच्या जाहिराती या प्रत्येक कागदावर त्यांचे नाव येते. त्यामुळे वाढलेल्या आकड्याचा त्यांची कविता वाचणाऱ्यांच्या संख्येशी संबंध लावता येत नाही. शिवाय सतराव्या शतकातील संत बहिणाबाई वेगळ्या, आणि नुसते ‘बहिणाबाई’ शोधणाऱ्याला दोघी एकत्रच भेटतात.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला कानबाई ही खानदेशातील लोकदेवता आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातील घराघरांत कानबाईची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्र जागवली जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. ती ठाऊक नसलेला खानदेशी माणूस सापडणे कठीण, पण जे आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे जाते त्याची पाने तयार होत नाहीत. अहिराणीचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत ज्या खानदेशी गटात ती मोडते त्याचे भाषक १८ लाखांहून अधिक नोंदले गेले, तरी ती लिहिली जाते त्याहून कितीतरी अधिक बोलली आणि गायली जाते. चित्रफितीत तासभर अहिराणी असली तरी निकालांच्या मोजणीत मुख्यतः तिचे शीर्षक आणि वर्णनच येते. याउलट जनगणनेच्या तक्त्यांवरून प्रत्येक खेड्याचे आपोआप पान बनवणारी संकेतस्थळे आहेत. पिनकोडच्या याद्या त्यांत मिळवल्या, की शंभर उंबऱ्यांच्या वस्तीचेही निकाल ढिगाने दिसतात.

अभ्यासकांनी हे माप सरसकट टाकून दिलेले नाही. फ्रँक केलर आणि मिरेला लापाटा यांना २००३ मध्ये असे आढळले, की शब्दजोड्यांचे वेबवरील आकडे संकलित भाषासंग्रहातील वारंवारतेशी बऱ्यापैकी जुळतात. पहिल्या महायुद्धातील जर्मन लढाऊ वैमानिकांची कीर्ती गूगलच्या आकड्यांनी मोजण्याचा प्रयोग सिमकिन आणि रॉयचौधुरी यांनी केला, आणि पाडलेल्या विमानांच्या मानाने कीर्ती फार झपाट्याने चढत जाते असे त्यांना दिसले. एकाच यादीतील, एकाच प्रकारची शेकडो नावे तपासताना वैयक्तिक चुका काहीशा विरून जातात. एकट्या नावाला ती सवलत नसते. अ‍ॅडम किल्गारिफ यांनी मात्र २००७ मध्ये व्यापारी शोधयंत्राच्या आकड्यांवर शास्त्र उभारण्यालाच कडक आक्षेप घेतला.

गूगल ट्रेंड्स ही २००६ पासूनची सेवा वेगळी गोष्ट मोजते. लोकांनी किती शोध घेतला ते ती ० ते १०० या सापेक्ष प्रमाणात दाखवते, म्हणजे तिचा संबंध निदान माणसांच्या कुतूहलाशी आहे. पण तेथेही सणाच्या दिवशी आणि बातमीच्या दिवशी रेघ उसळते आणि मग खाली बसते. विकिपीडियाच्या उल्लेखनीयतेच्या निकषांत निकालांच्या संख्येला पुरावा मानत नाहीत. विषयाची स्वतंत्र आणि विश्वसनीय स्रोतांनी सविस्तर दखल घेतली आहे का, हे तेथे पाहिले जाते. खानदेशापुरते बोलायचे तर १८८० चे खानदेश गॅझेटियर, स्थानिक वृत्तपत्रांचे जुने अंक आणि जत्रांच्या नोंदी चाळणे यात वेळ अधिक जातो, पण ‘चोपडा’ म्हणजे गाव की वही हा प्रश्न तेथे पडत नाही.