बॉनेट माकड आणि पँटाला चतुर : तुलना

बॉनेट माकड (मकाका रेडिएटा) सस्तन आहे, तर पँटाला चतुर (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) कीटक. दोघांचा सामाईक पूर्वज ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. त्यामुळे अवयवाशेजारी अवयव मांडून फारसे काही हाती लागत नाही. जगायचे कसे, हे प्रत्येकाला कुठून कळते, हे पाहणे अधिक मोलाचे आहे.

बॉनेट माकड फक्त भारतीय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आढळते. माथ्यावरचे केस चहूबाजूंना पसरून टोपीसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडले. (त्याला वानर म्हणू नये, मराठीत वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा लंगूर.) साधारण साडेपाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर मादीला बहुधा एकच पिल्लू होते. आईच्या पोटाला बिलगून फिरताना ती काय तोडते, काय टाकून देते, कशाला दचकते, हे ते पाहत असते. माद्या जन्मल्या त्याच टोळीत राहतात, नर वयात आल्यावर बहुधा दुसरी टोळी गाठतात. झाडांची आणि पाणवठ्यांची माहिती अशी मायलेकींमध्ये टिकते.

चतुराला आई भेटतच नाही. मादी पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालून निघून जाते. डबके आटण्याआधी वाढ पुरी व्हावी लागते. डिंभक (अंड्यातून निघालेले, पाण्यात वाढणारे पिल्लू) खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतो आणि बहुधा ६ ते ९ आठवड्यांत, कोशावस्थेशिवायच, पंख फुटून बाहेर पडतो. मागचे पंख बुडाशी रुंद असल्याने तो वाऱ्यावर तरंगत खूप दूर जातो. मालदीवमध्ये गोडे पाणी जमिनीवर जवळजवळ नाहीच, तरी दर ऑक्टोबरच्या सुमारास तिथे चतुरांचे थवे उतरतात. सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये यावरून मांडले, की ते भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. जाऊन-येऊन हे अंतर १४,००० ते १८,००० किमी भरते आणि त्यात सुमारे चार पिढ्या खर्ची पडतात. म्हणजे परतणाऱ्याने जाण्याची वाट कधीच पाहिलेली नसते! प्राणिजगतात इतके थक्क करणारे फार थोडे आहे.

पँटाला चतुर उष्ण प्रदेशांत जगभर विपुल आहे. बॉनेट माकड मात्र आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात मोडते. उत्तरेकडून सरकणारे ऱ्हीसस माकड त्याची जागा घेत आहे. एक डबके आटले तरी प्रौढ चतुर दुसरे शोधतो. माकडांची टोळी पकडून परक्या रानात सोडली, तर तिथले प्रत्येक फळझाड आणि प्रत्येक पाणवठा तिला नव्याने शिकावा लागतो.