लोटन, गिरेबाज आणि वऱ्हाडातले खुराडे : पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यांत कबुतर नवे नाही. विहिरीच्या कपारीत, देवळाच्या शिखरात, पडक्या गढीच्या बुरुजात पारवा आपली जागा आपणच शोधतो आणि कोणाच्या आधाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. कोलांट्या घेणाऱ्या कबुतरांचे तसे नाही. ती मुळात याच पारव्याची वंशज असली, तरी त्यांना आजचे रूप माणसाने जोड्या निवडून निवडून दिले आहे, आणि भर उड्डाणात तोल सोडून उलटे फिरणारा पक्षी मोकळ्या रानात शिकऱ्याच्या किंवा ससाण्याच्या तावडीतून फार दिवस सुटणार नाही. त्यामुळे या कबुतरांचा इतिहास आणि त्यांच्या खुराड्यांचा इतिहास एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही, असे मला वाटते.

यात ढोबळमानाने दोन प्रकार येतात. गिरेबाज उडता उडता मागच्या बाजूने कोलांटी घेतो आणि पुन्हा सरळ होतो. काही वाणांत या कोलांट्या इतक्या वेगाने आणि इतक्या सलग येतात की खाली उभ्या असलेल्या माणसाला पक्षी न दिसता फक्त गरगरणारा चेंडू दिसतो. लोटन मात्र जमिनीवर लोळतो. त्याला हातात धरून हलकेच हालवले आणि खाली ठेवले की तो डोक्यावरून उलटत राहतो, आणि उचलून शांत केल्याशिवाय बहुधा थांबत नाही.

दख्खनमध्ये कबुतरांच्या शौकाची नोंद बरीच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कोंबडे, लावे, एडके यांच्याबरोबर पारव्यांचाही स्वतंत्र विनोद, म्हणजे करमणुकीचा खेळ, सांगितला आहे. सविस्तर वर्णन मात्र मिळते ते अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त. अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतील पाचशे खास मानली जात. इराण आणि तुराणच्या (मध्य आशियातील) राजांकडून दुर्मीळ पक्षी भेट येत. उत्तम पक्षी एका उड्डाणात पंधरा गिरक्या आणि सत्तर कोलांट्या घेतो, असे आकडेही त्यात दिले आहेत. मला यातली सर्वांत मोलाची नोंद वाटते ती घरांविषयीची. लष्कराचा तळ हलला की कबुतरांची खुराडी भोई खांद्यावरून नेत आणि पक्षी त्यांच्या मागोमाग उडत जात. पक्ष्याची ओढ गावाशी नसून खुराड्याशी असते, हे त्या काळच्या पाळणाऱ्यांना पुरते माहीत होते.

याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचेही वर्णन आहे आणि एलिचपूर, नरनाळा, गाविलगड ही ठिकाणे त्यात येतात. इमादशाहीचे वऱ्हाड १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने घेतले आणि १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेले. पुढे बाळापूर आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही लष्करी वर्दळीची ठाणी राहिली. गिरेबाज, शिराजी ही कबुतरांची फारसी वळणाची नावे त्या दरबारी जगाची खूण आहेत.

एकोणिसाव्या शतकात या पक्ष्यांकडे विज्ञानाचे लक्ष गेले. चार्ल्स डार्विनने १८५५ पासून घरी कबुतरे पाळली, अकबराच्या कबुतरखान्याचा हवाला दिला आणि १८६८ च्या ग्रंथात हिंदुस्थानातील लोटनाचे वर्णन केले. लोळणाऱ्या पक्ष्याला उचलून त्याच्या तोंडावर फुंकर घालण्याची इथली रीतही त्याने टिपून ठेवली आहे. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते हे की, ही खोड शिकवलेली नसून आईबापांकडून पिल्लांत उतरते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या परिसरातील कामकरी वस्त्यांनी अशाच निवडीतून सलग कोलांट्या घेणारा आपला रोलर हा वाण घडवला, आणि तो पुढे अमेरिकेत गेला.

खेड्यातली व्यवस्था मात्र दरबारी कधीच नव्हती. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि वर सपाट धाबे असे, आणि या दोन्ही गोष्टी कबुतरांच्या सोयीच्या ठरल्या. भिंतीतल्या कोनाड्यात किंवा आडव्या बसवलेल्या मडक्यात जोडी अंडी घालते. अंडी दोन, सतरा-अठरा दिवस उबवणे, ज्यात दिवसाचा बराच वेळ नर बसतो आणि रात्री मादी, मग पहिले काही दिवस दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे खाद्य, आणि महिनाभरात पिल्लू उडण्याजोगे. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा मातीच्या भिंतीतला हा कोनाडा पिल्लांना वाचवतो. धाब्यावर उभे राहिले की सारे आकाश मोकळे दिसते, आणि थवा सोडायला व परत बोलवायला याहून चांगली जागा नाही. घरट्यासाठी बारीक काड्या शेतातून येत, पिसवा होऊ नयेत म्हणून खाली कडुनिंबाचा पाला घालत, आणि दाणा तर अंगणातच पडलेला असे: ज्वारी मुख्य, थंडीत जोडीला थोडा हरभरा किंवा तूर.

ही सांगड गेल्या तीन-चार दशकांत सुटली. धाब्याच्या जागी टिनाचे छप्पर आले. टिनाखालचे खुराडे उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते आणि पावसाळ्यात ओल धरते, म्हणून ज्यांना शक्य आहे ते टिनावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा गवताचा थर देतात, खुराडे जमिनीपासून उचलून घेतात आणि तोंड पूर्वेला ठेवतात. शेतात ज्वारी मागे पडून सोयाबीन वाढले. कच्चे सोयाबीन कबुतराला मानवत नाही, त्यामुळे घरचा दाणा संपून विकतचा सुरू झाला. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे उघड्यावर सांडले तर त्यात पक्षी मरतात. त्या पंधरवड्यात थवा बंदच ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन.

विष्ठेच्या धुळीचाही प्रश्न आहे. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांवरून झालेल्या वादात तो सर्वांसमोर आला. तिथला प्रश्न मोकाट थव्यांचा, इथला बंदिस्त खुराड्याचा; पण वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना होणारा आजार दोन्हीकडे सारखाच. नाकातोंडाला फडके बांधणे आणि पाण्याचा हलका शिडकावा देऊन मगच खरडणे, एवढी काळजी घेतल्याशिवाय खुराड्यात शिरू नये.

वाण टिकवण्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठी अडचण खुराड्याच्या आतच आहे. एकाच जाळीत उंच उडणारी, शिराजी, पंख्यासारख्या शेपटीचा लक्का आणि लोटन अशी सगळी कबुतरे ठेवली की जोड्या आपोआप मिसळतात. कोलांटीचा गुण बहुतांशी दबून राहणारा आहे. लोटनाचा साध्या कबुतराशी संकर झाल्यास पहिल्या पिढीतली पिल्ले सहसा लोळत नाहीत, आणि तो गुण पुढच्या पिढीत थोड्याच पिल्लांत वर येतो. तोवर पाळणारा बहुधा ती पिल्ले विकून मोकळा झालेला असतो. म्हणून जुने जाणकार जोडीच्या काळात लोटनाची जोडी वेगळ्या कप्प्यात ठेवतात, दोन्ही अंडी फुटून पिल्ले पंख धरेपर्यंत मधली फळी काढत नाहीत, आणि जो पक्षी जमिनीजवळ येऊनही कोलांटी आवरू शकत नाही त्याची पिल्ले पुढे वाढवत नाहीत.